कुरडयांवरचं पाऊल

"अभिनंदन! जखम भरत आली," गोसावी मॅडम म्हणाल्या. "सांग त्यांना."

मी अरबीत सांगितलं. सालेहचाचांनी टेबलावर आडव्या ठेवलेल्या स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. भरवशाच्या माणसानं ऐन वेळी दगा द्यावा, तसं बघितलं.

"तिला खात्री आहे?"

"ते विचारताहेत, खात्री आहे का."

"शंभर टक्के. पंधरा दिवसांनी आणा. असंच राहिलं तर बरे झाल्याचं पत्र देऊन टाकते. जाऊ देत आनंदानं घरी."

हे सांगून होईपर्यंत चाचांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. मॅडमनाही भरून आलं. सिस्टरनं कापसाचा डबा पुढे केला, कारण जवळ तोच होता. चाचांनी बोळ्यानं डोळे पुसले आणि दाढीत कापूस अडकलेल्या अवस्थेत बाहेर आले.

व्हरांड्यात ते मला म्हणाले, "ही बाई फार वाईट आहे."

"पाय बरा केला म्हणून?"

"म्हणूनच."

मी हसलो. चाचा विनोदी माणूस होता, आणि विनोदी माणसाचा तोटा असा की तो खरं बोलला तरी लोक हसून मोकळे होतात.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात परदेशी पेशंटांसाठी दुभाष्या होतो. आमचं गाव दापोलीजवळ, पण अब्बा कुवेतला गोदामात होते म्हणून दहावीपर्यंत मी तिकडेच वाढलो. परत आलो तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: अस्खलित अरबी आणि नापास झालेलं गणित. पहिलीवर नोकरी लागली. काम सोपं होतं. इकडचं बोलणं तिकडे न्यायचं, वाटेत सांडायचं नाही, आणि त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. हे शेवटचं मला जड जायचं.

सालेहचाचा येमेनचे. साखरेनं डाव्या तळव्याला जखम झाली होती आणि त्यांच्या गावचा दवाखाना पडला होता.

"पडला म्हणजे बंद पडला, की इमारत पडली?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"आधी हे, मग ते," चाचा म्हणाले.

ते उपचाराच्या व्हिसावर आले होते आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा हुसाम सोबती म्हणून. आजारी माणसानं उपचार संपेपर्यंत राहायचं, आणि सोबत्यानं आजारी माणूस असेपर्यंत. दर काही महिन्यांनी दवाखान्यानं लिहून द्यायचं की उपचार चालू आहेत. 'बरे झाले' असं लिहिलं की दोघांनी विमानात बसायचं. निर्वासित म्हणून नाव लावायला चाचांनी दिल्लीला अर्जही धाडला होता. उत्तराची वाट बघणं हाही एक आजारच आहे, पण त्याचा व्हिसा मिळत नाही, असं ते म्हणायचे.

राहायला ते कोंढव्यात, मी राहायचो त्याच इमारतीत. मीच त्यांना तिथे आणलं होतं. मालकीण कामठेकाकू तळमजल्यावर. काकूंचे यजमान साखरेनंच गेले. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघा, मग ते. त्यामुळे चाचांचा पाय जिन्यावर दिसला तसा काकूंनी तो ताब्यात घेतला.

"ओ सालेभाऊ, पाय दाखवा."

"या उख्ती, सलाम," चाचा अरबीत म्हणायचे, म्हणजे बहिणीला नमस्कार.

"सलाम नंतर. बोटांच्या मधलं दाखवा."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण आपापल्या भाषेत पुरेशा मोठ्यानं बोललं की समजतं, यावर दोघांचा विश्वास होता. काकू सकाळी कारल्याचा रस पाजायच्या. चाचा तो पिऊन येमेनी भाषेत असं काही बोलायचे, की मी त्याचं भाषांतर "फार छान आहे" असं करायचो. हुसाम रोज बापाची पट्टी बदलायचा, धुणं वाळत घालायचा आणि उरलेला वेळ काकूंच्या स्वयंपाकघरात काढायचा. काकूंकडूनच मराठी शिकल्यामुळे तो सहा फुटी पोरगा "काकू, मी येते हं," असं म्हणत जिना चढायचा. त्याला दुरुस्त करायचं नाही, असं आम्ही इमारतीतल्या सगळ्यांनी ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी मॅडमनी पट्टी सोडली आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"हे काय?"

भरलेली जखम उघडली होती. कडा फाटल्यासारख्या झाल्या होत्या.

"चालले का जास्त? बूट बदलला? काही टोचलं?"

"ते म्हणतात, अल्लाची मर्जी."

"त्यांना सांग, अल्लाची मर्जी ठीक आहे, पण पायावर वजन द्यायचं नाही."

पुन्हा औषधं, पुन्हा दोन महिने, पुन्हा नवी चामडी. मॅडम पुन्हा खूश, पुन्हा पत्राचा विषय. पुढच्या वेळी पुन्हा भोक. हा पाय पुण्याच्या रस्त्यासारखा आहे, भरून गुळगुळीत झाला की लगेच कोणीतरी येऊन खोदतं, असं मी मॅडमना म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

"इम्तियाज, जखम अशी वागत नाही," त्या म्हणाल्या. "आतून बिघडते ती वेगळी दिसते. ही बाहेरून होतेय. या वेळी खोलही आहे. घरी कोण कोण असतं?"

"मुलगा."

"मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

काकूंनाही हा प्रश्न पडलेला आहे हे मला ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या एका रविवारी दुपारी त्यांनी गच्चीच्या दारातून हाक मारली. "सोलकर! वर ये. एकटाच ये." त्या मला आडनावानंच हाक मारायच्या.

गच्चीवर काकूंनी यजमानांच्या जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या कुरडया, डोळे दिपत होते. काकूंनी नुसतं बोट दाखवलं. धोतराच्या कडेला एक पाऊल उमटलं होतं. टाच पुसट होती आणि पुढचा भाग लालसर तपकिरी. त्यात एक कुरडई बसली होती. मुंग्या लागल्या होत्या.

"कुणाचं हे?"

"मांजर असेल."

"मांजराचं पाऊल माझ्या पावलाएवढं असतं का रे?"

पाण्याच्या टाकीमागे सावलीत सालेहचाचा भिंतीला टेकून झोपले होते. चपला शेजारी होत्या. काकूंनी डावी चप्पल उचलली, आत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. बोटाला रक्त आलं होतं. फरशीचा तुकडा होता, तीनधारी, नखाएवढा. पुढच्या पट्ट्याखाली, तळाला नीट गोंद लावून बसवलेला.

"आपोआप गेलेल्या खड्याला गोंद नसतो, सोलकर," काकू हळूच म्हणाल्या. काकूंना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "यांच्या पायात जाण नाही. सुरी खुपसली तरी कळायचं नाही. हे ज्याला माहितीय, त्यानं ठेवलंय."

तेवढ्यात हुसाम ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर आला. "काकू, जेवली का तुम्ही?"

"ये, बाळा." काकूंनी चप्पल त्याच्यासमोर धरली. "चपला कोण पुसतं?"

"मी पुसते."

"पट्टी कोण करतं?"

"मी करते. का?"

"सोलकर, विचार त्याला. बापाला हळूहळू मारतोयस का, म्हणावं. मेल्यावर कोणाच्या हाती काय लागणार आहे, म्हणावं. इतकी गोड बोलणारी पोरं मी बघितलीयत, म्हणावं."

मी हुसामला विचारलं, "याबद्दल तुला काही माहीत आहे?"

"एवढंसंच?" काकू म्हणाल्या. "मी मोठं बोलले होते."

हुसामनं तुकड्याला बोट लावलं. बादली खाली ठेवली. मग त्यानं टाकीकडे बघितलं. आम्हीही बघितलं. चाचा जागे होते. किती वेळ, कोण जाणे.

"त्याला विचारू नका," ते मला म्हणाले. "मीच लावलाय. गोंद चांगला निघाला. तुमच्याकडच्या वस्तू टिकाऊ आहेत."

या वेळी मी हसलो नाही. "का?"

"तिला एकेक वाक्य सांगत जा," चाचा म्हणाले. "पायाची तिनं फार सेवा केलीय. तिला कळलं पाहिजे." मग ते उठून बसले आणि शेजारच्या गावची हकीगत सांगावी तसं सांगू लागले.

"आमच्या गल्लीत एक माणूस यायचा. अतिशय सभ्य. दार वाजवायचा, जोडे बाहेर काढायचा, चहा प्यायचा. घरातल्या एकेकाची तब्येत विचारायचा. आणि उठताना एक मुलगा घेऊन जायचा."

मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "कुठं न्यायचा?"

"लढायला."

"कुणाच्या बाजूनं?"

मी विचारलं. चाचांनी खांदे उडवले. "आधी एका बाजूचा यायचा, मग दुसऱ्या बाजूचा यायला लागला. दोघेही सभ्यच होते. साखर कमी घ्यायचे."

"तुमच्याकडे आला होता?"

"दोनदा चहा झाला."

काकूंनी मुंग्यांकडे बघत विचारलं, "मुलं किती होती?"

"तीन."

खालच्या गल्लीत एक भंगारवाला ओरडत गेला. हुसाम वाळत घालायला काढलेला शर्ट पिळत होता. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"किती वेळा केलंत?" त्यानं बापाला विचारलं.

"ती बाई जेव्हा जेव्हा खूश झाली, तेव्हा तेव्हा."

"आणि मी रोज पट्टी करत होतो."

"फार छान करायचास. फार लवकर भरायची."

काकू मटकन खाली बसल्या, कुरडयांच्या शेजारीच. आता त्या रडणार असं मला वाटलं. पण त्या विचार करत होत्या.

"सोलकर, त्यांना सांग, पाय सोडा. पाय धोक्याचा आहे. दुसरं काहीतरी धरा."

"दुसरं म्हणजे?"

"दुखणं रे. डोळे?"

"डोळे मशीनवर कळतात."

"पोट?"

"पोटाची सोनोग्राफी होते."

"पाठ!" काकूंना एकदम उजेड दिसला. "आमची थोरली जाऊ बावीस वर्षं पाठ धरून बसलीय. चार डॉक्टर झाले, मुंबईचा एक झाला. कुणाला काही सापडलं नाही आणि कुणी तिला कामही सांगितलं नाही. पाठीला मरण नाही."

मी हे सगळं जसंच्या तसं अरबीत नेलं, जाऊबाईंसकट. चाचांनी गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, "कोणती बाजू?"

चप्पल काकूंनी जप्त केली. ते पाऊल धोतरासकट भिजत घातलं. आणि त्या संध्याकाळपासून चाचांची पाठ सुरू झाली. नट म्हणून ते फारच वाईट होते. हात उजवीकडे ठेवायचे आणि वाकायचे डावीकडे. काकू दारात उभ्या राहून जावेची नक्कल करून दाखवायच्या, "असं, आई गं, असं," आणि चाचा मन लावून म्हणायचे, "आयग". पायाची पट्टी मात्र ते आता स्वतःच बांधायचे, कुणाला उघडू द्यायचे नाहीत. हुसाम या तालमींना बसायचा नाही. तो गच्चीवर जाऊन कठड्याला टेकून उभा राहायचा आणि एकदा मला त्यानं विचारलं की सोबती एकटाच परत गेला, तर पेशंटला राहता येतं का.

"येतं," मी म्हणालो. "तू असलं काही डोक्यात घेऊ नकोस."

"मी नुसतं विचारते," तो मराठीत म्हणाला.

काही दिवसांनी चाचांची पाठ एकदम उत्तम वठली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, अंग थरथरत होतं, ओठ कोरडे. मी टाळी वाजवणार होतो. माझ्यामागून काकू आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"हा वास मला माहितीय," त्या म्हणाल्या. "रिक्षा आण."

हुसाम आणि काकूही दवाखान्यात आले. मॅडमनी पट्टी सोडली तेव्हा सिस्टरनं खिडकी उघडली. तीन बोटं काळी पडली होती. तिथून वर घोट्याकडे लाली सरकत होती. मॅडम खुर्ची ओढून चाचांच्या समोर बसल्या. त्या उभ्यानं बोलायच्या तेव्हा बातमी चांगली असायची.

"इम्तियाज, नीट सांग. विष वर चढतंय. आजच कापावं लागेल. पण आपण वेळेत आहोत. तीन बोटं आणि पुढचा थोडा भाग, एवढंच. टाच राहील. बूट घालून ते स्वतःच्या पायानं चालतील. साखर आटोक्यात ठेवली तर दोन-तीन महिन्यांत भरून निघेल."

मी सांगितलं. चाचांना ताप होता, पण डोळे स्वच्छ होते.

"आणि घोट्यातून कापलं तर?"

मी मॅडमना विचारलं.

"त्याची गरज नाही. पण मग जास्त लागेल. चार-पाच महिने."

"आणि गुडघ्याखाली?"

"अरे, त्यांना सांग घाबरू नका, तेवढं नाही करायचं. गुडघ्याखाली म्हणजे जखम भरायची, मग नकली पाय, मग चालायला शिकायचं. वर्ष जातं त्यात."

'वर्ष' हा शब्द मी अरबीत उच्चारला आणि चाचांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत दवाखान्यात मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

"तिला सांग, गुडघ्याखालून घे."

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

"ते म्हणतात..." इकडचं तिकडे न्यायचं, सांडायचं नाही. "ते म्हणतात, वरून कापा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तू नीट ऐकलंस का? माणसं माझ्याशी एकेका बोटासाठी भांडतात."

"नीट ऐकलं."

"आणि दुसराही बघून ठेव म्हणावं," चाचा सांगत होते, "तोही काही फार चांगला नाही."

तेव्हा हुसाम पुढे आला. मला मध्ये न घेता तो थेट मॅडमशी बोलला, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत. "मॅडम, ऐका ना. बोटं. फक्त बोटं कापा. मी जाते परत. मी उद्या जाते. मग बाबा पायाला काही नाही करणार."

सिस्टर हसायला गेली आणि थांबली.

"काय म्हणाला तो?" चाचांनी माझा हात पकडला. हात भाजत होता. "तिला काय म्हणाला? त्या भाषेत का बोलला?"

मी सांगितलं. चाचा माझा हात न सोडता म्हणाले, "त्याला सांग, गप्प बस." हुसाम हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला अरबी माझ्यापेक्षा चांगली येत होती. तरी मी ते त्याला सांगितलं.

"सांग त्यांना, नाही बसत," हुसाम म्हणाला. मी तेही सांगितलं.

मॅडम उठल्या. "कोणीतरी मला सांगेल का, इथे काय चाललंय?"

सांगितलं ते काकूंनी. सभ्य माणूस, चहा, तीन मुलं, गोंद, पाठ. त्या एकीकडे सांगत होत्या आणि एकीकडे दोन्ही हातांनी चाचांचा उजवा पाय घट्ट धरून बसल्या होत्या. कोणी मागितला तरी देणार नाही, अशा. मॅडमनी सगळं ऐकलं. मग त्यांनी त्या काळ्या बोटांकडे बघितलं. महिनोन्महिने भरत आणलेलं स्वतःचं काम त्या बघत असाव्यात.

"आधी कापायचं कुठून ते," त्या शेवटी म्हणाल्या. "बोटं. ते मी ठरवणार, यावर चर्चा नाही. आणि इम्तियाज, आता एकही शब्द गाळू नकोस. जखम भरते. साखर भरत नाही. मधुमेह बरा झाला असं मी आजवर एकाही माणसाला लिहून दिलेलं नाही, आणि यांनाही देणार नाही. तपासणीला मरेपर्यंत यावं लागेल. बूट मापून करावा लागेल, डोळे बघावे लागतील, मूत्रपिंडं बघावी लागतील. ते खोटं नाही. मला कोणी आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं."

"व्हिसाचं ऑफिस ऐकेल?" मी विचारलं.

"काही दिवस ऐकेल. पुढचं माहीत नाही. पण मी दर वेळी लिहीन."

मी चाचांना सांगितलं. गाळलं काहीच नाही. हुसाम भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. काकू म्हणाल्या, "बघा, साखरच कामी आली मेली."

चाचा छताकडे बघत होते. मला वाटलं, तापात आहेत. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ही बाई सरकारी नोकर आहे का?"

"नाही. पण इथेही वय झालं की निवृत्त करतात."

"कधी होणार, विचार."

मला ते विचारायचं नव्हतं. मी विचारलं.

मॅडम हातमोजे चढवत होत्या. "चार वर्षं आहेत," त्या म्हणाल्या. "का?"

सिस्टरनं स्ट्रेचरचे ब्रेक सोडले. चाचांनी चादरीवर बोटं मांडली, हुसामच्या एकोणिसापासून पुढे एकेक मिटत गेले, आणि स्ट्रेचर दारातून जाता जाता मान वळवून मला म्हणाले, "तेविसाचेही नेतात."